इम्प्लांट नवं, पण आधी साखर आटोक्यात आणा

प्रश्न : वय ५८, चौदा वर्षांपासून मधुमेह. लिंगाच्या ताठरतेसाठी सिल्डेनाफिलच्या (व्हायग्रा) गोळ्या घेतल्या, इंजेक्शनंही झाली. आता कशाचाच उपयोग होत नाही. डॉक्टरांनी लिंगात बसवायचं इम्प्लांट सुचवलंय. त्यात नवीन काय आलंय? बॅटरीवर चालणारं मिळतं का?

उत्तर : बॅटरीवरचं इम्प्लांट अजून संशोधनातच आहे, त्यासाठी थांबू नका. आज बसवतात ते तीन भागांचं इम्प्लांट १९७३ साली ह्यूस्टनच्या डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी मांडलेल्या तत्त्वावरच चालतं. लिंगात दोन सिलिंडर, अंडकोशाच्या पिशवीत पंप आणि पोटात सलाइनची छोटी टाकी. पंप दाबत गेलं की सलाइन सिलिंडरमध्ये येतं, सोडायचं बटण दाबलं की परत जातं.

सुधारणा झाल्या त्या पंपात आणि इम्प्लांटवरच्या औषधी लेपात. जुन्या पंपाचं बटण चाचपडून सापडायचं नाही, दाबून धरावं लागायचं. आता एकदा दाबलं की पुरतं. खोकताना किंवा वाकताना टाकीवर दाब येऊन लिंग आपोआप ताठ व्हायचं, ते रोखायला झडप आली. पण तुमच्यासारख्या मधुमेहींना खरा फायदा लेपाचा. जंतू इम्प्लांटवर चिकट थर करून बसतात आणि मग अँटिबायोटिक तिथवर पोचत नाही. बहुतेक वेळा सगळं काढावंच लागतं. एका प्रकारावर रिफाम्पिसिन व मिनोसायक्लिन या अँटिबायोटिकचा लेप कारखान्यातूनच येतो, दुसऱ्याचा लेप सर्जनने निवडलेलं औषध शोषून घेतो. तरी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) साडेआठ टक्क्यांच्या वर असेल तर आम्ही शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलायला सांगू.

बोटांना बधिरपणा असेल तर पंप चालवणं जड जातं. अशा वेळी वाकवता येणारं, पंप नसलेलं इम्प्लांट बरं, आणि स्वस्तही. मुंबईचे डॉ. रूपिन शाह यांनी विकसित केलेल्या प्रकारात काढता येणाऱ्या आवरणांनी जाडीही जुळवता येते.

शस्त्रक्रियेनंतर पंप वर सरकू नये म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हापासून तो रोज हलकेच खाली ओढायचा. चौथ्या आठवड्याच्या सुमारास फुगवायला शिकवतात, संबंध सहा आठवड्यांनी. लांबी वाढत नाही, उलट कमी वाटू शकते. शिश्नमुंड, म्हणजे लिंगाचं टोक, फुगत नाही. आणि एकदा बसवलं की नैसर्गिक ताठरता परत येत नाही, हे पत्नीशी आधीच बोलून घ्या.

दुखणं वाढलं, पू आला किंवा पंपावरची कातडी चिकटली तर त्याच दिवशी दाखवा. पुढे हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तर पोटात टाकी आहे हे सर्जनना आधी सांगा. एमआरआयच्या वेळी मॉडेलचं कार्ड दाखवा.