एजंट म्हणतो, 'एकदा व्हिसा लागला की संपलं'

भाऊ, तू विचारलंस: "शिरपूरहून मेलबर्नला मास्टर्सला चाललोय. एजंट म्हणतो, व्हिसा लागला की दोन वर्षं कोणी हात लावत नाही. खरं का?"

साफ खोटं. मी चोपड्याचा, आणि माझा व्हिसा जाता जाता वाचलाय.

ऑस्ट्रेलियाच्या १९५८ च्या मायग्रेशन ॲक्टमध्ये कलम ११६ आहे. अट मोडली तर अधिकारी व्हिसा रद्द 'करू शकतो'. काही बाबतींत करावाच लागतो, पण आपल्यासारख्यांच्या भानगडी बहुतेक 'करू शकतो'तल्या. स्टुडंट व्हिसावर मुख्य अटी दोन. ८२०२ म्हणजे ॲडमिशन चालू पाहिजे. ८१०५ म्हणजे कॉलेज चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम. हा पंधरवडा कुठल्याही सोमवारपासून मोजतात, पोरं तिथेच फसतात.

मी ८२०२ मध्ये अडकलो. बापूंची जळगावला बायपास ठरली, मी रीतसर रजा न टाकता पळत घरी आलो. कॉलेजनं ॲडमिशन रद्द करून सरकारी सिस्टीमला कळवलं. परतल्यावर एका शुक्रवारी रात्री शिफ्टवरून आलो तर ईमेल: व्हिसा रद्द करण्याचा विचार आहे, उत्तर द्या. पाच कामाचे दिवस. ईमेल उघडा, न उघडा, पाठवल्या दिवशीच मिळाला असं धरतात.

रूममेट म्हणाला, "लिही, मी काही मोडलंच नाही." नोंदणीकृत मायग्रेशन एजंट बाईंनी ते पहिल्याच फोनला खोडलं. प्रश्न दोन असतात: अट मोडली का, आणि मोडली तरी व्हिसा काढून घ्यावा का? पहिला मी एका ओळीत कबूल केला. सगळा जोर दुसऱ्यावर: ऑस्ट्रेलियात आलो कशाला, आधी नियम पाळले का, कारण माझ्या हातातलं होतं का, व्हिसा गेला तर नुकसान किती. बायकोचा व्हिसा माझ्यावर टांगलेला, माझा गेला की तिचाही आपोआप जातो, हेही लिहिलं.

नुसतं 'वडील आजारी होते' याला किंमत नाही. डिस्चार्ज कार्ड, विमानाची तिकिटं, पहिल्या सेमिस्टरचे मार्क, फीच्या पावत्या लावल्या. कार्डावर आमच्या आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळं निघालं! भावानं चोपडा कोर्टात ॲफिडेव्हिट करून व्हॉट्सॲपवर पाठवलं. नव्या ॲडमिशनचं पत्र चौथ्या दिवशी दुपारी हातात आलं. व्हिसा राहिला.

रद्द झालाच तर बहुतेक वेळा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनलकडे अपिलाला जाता येतं (ऑक्टोबर २०२४ पासून जुन्या ट्रिब्युनलच्या जागी हे आलंय). मुदत निकालाच्या पत्रातच असते, एक दिवस उशीर झाला तरी ते अर्ज घेऊ शकत नाहीत. शिवाय व्हिसा रद्द झाला की ऑस्ट्रेलियात राहून दुसरे बहुतेक व्हिसे मागायची वाट बंद होते.

अजून एक. बँकेत पैसे दाखवायची 'सोय' एजंट करून देत असेल तर नको म्हण. खोटी माहिती निघाली तर कलम १०९ खाली दिलेला व्हिसाही जाऊ शकतो. कापसाचं-केळीचं उत्पन्न जेवढं आहे तेवढंच दाखव, कमी पडलं तर एज्युकेशन लोन काढ.

आणि इमीअकाउंटला (व्हिसाचं सरकारी ऑनलाइन खातं) ईमेल कोणाचा टाकलाय, ते एजंटला आजच विचार. त्याचा असेल तर उद्या असली नोटीस त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहील.