आखाजीची घागर आणि डांगर

चिमणे,

आखाजीला आजीने फोन घागरीसमोर धरला होता. कोऱ्या मातीच्या घागरीवर तिने ते पिवळं फळ ठेवलं, हात जोडले, आणि तू विचारलंस, "आजोबा तर नाहीत, मग हे कलिंगड कोणासाठी?" मी मीटिंगमध्ये होतो, "नंतर सांगतो" म्हणालो. आज सांगतो.

आधी एक, त्याला कलिंगड म्हणू नकोस. आपल्या खानदेशात ते डांगर, म्हणजे खरबूज. पुण्याकडे डांगर म्हटलं की लाल भोपळा नाहीतर उडदाच्या पिठाचं तोंडीलावणं. (लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तुझ्या आईला बाजारातून डांगर आणायला सांगितलं, तिने भोपळा आणला. ते भांडण अजून मिटलेलं नाही.)

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. वैशाखात आपल्याकडे पारा 44 पर्यंत चढतो. गेलेल्या माणसांनाही तहान लागत असेल, म्हणून घागर भरायची. उंबरठ्यावर कुंकवाचं बोट ओढत एकेकाचं नाव घ्यायचं. घागरीवर छोटं मडकं, त्यावर डांगर, आंबे, सांजोरी. लेकी माहेरी येतात, कडुलिंबाला झोके बांधतात, पण ते आत्याला विचार. झोक्यावर आम्हाला कोणी बसू द्यायचं नाही.

आता डांगरच का? आपलं गाव तापीकाठी, सारंगखेडा आणि प्रकाशा या गावांच्या मध्ये. पावसाळा सरला की पात्रात वाळू उघडी पडायची, आणि ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याचंही तिथे शेत व्हायचं. आजोबांची वाडी असायची. ओल लागेपर्यंत वाळूत चारी खणायची, शेणखत भरायचं, बी टोचायचं, उडती वाळू वेलांवर बसू नये म्हणून कपाशीच्या पळाट्यांचा आडोसा करायचा. वेल धरेपर्यंत घागरीने पाणी.

मी तुझ्याएवढा असताना त्यांच्यासोबत रात्री वाडीत झोपायचो, कारण कोल्ह्यांना डांगर आपल्याइतकंच आवडतं. अंधारातही आजोबांना पिकलेलं फळ बरोबर सापडायचं. वाकून वास घ्यायचे, बोटाने देठ जरासा हलवायचे. आपणहून सुटला तर घ्यायचं, ओढावा लागला तर राहू द्यायचं. मग गुडघ्यावर आपटून फोडायचे, मोठी फोड मला. पायाखालची वाळू तेव्हाही कोमट असायची.

मृगाचा पहिला पूर वाडी घेऊन जायचा. कोणी रडत बसायचं नाही. पुढच्या वर्षी वाळू कुठे पडेल, एवढंच पारावर बोलणं.

आता तिथे बॅरेजचं, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्याचं पाणी तटतं. विहिरींना पाणी राहतं, हे बरंच झालं, पण वाळू बुडाली आणि आपल्या गावच्या वाड्याही. यंदाचं डांगर आजीने शहाद्याच्या बाजारातून आणवलं, ठिबकवरचं. वास नाही म्हणाली, तरी ठेवलंच. "तुन्हा बापले डांगर भलतं आवडे."

तर ते आजोबांसाठीच. खाल्लं मात्र आत्याच्या पोरांनी.

परवा आजीने त्याच्या बिया राखेत घोळून ताटलीत वाळत घातलेल्या दाखवल्या. कुठे पेरणार, हे मी विचारलं नाही. रविवारी फोन लावू तेव्हा तू विचार.

तुझा,
बाबा