नोटगेल्टमधली 'नोट'

प्रश्न असा: पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत गावोगावी छापलेल्या चित्रमय 'नोटगेल्ड'ला 'आणीबाणीच्या नोटा' म्हणावे का, आणि त्यांवरच्या 'बिलियन'चे मराठी काय करावे?

आधी उच्चार. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी 'ड'चा 'ट' होतो, म्हणून 'नोटगेल्ट'. यातल्या 'नोट'चा आपल्या नोटेशी संबंध नाही. जर्मन 'नोट' म्हणजे नड, 'गेल्ट' म्हणजे पैसा. त्यामुळे जस्ताची नाणी, मायसेनची चिनी मातीची नाणी, बीलेफेल्ड शहराने रेशमावर छापलेले तुकडे, सगळे नोटगेल्टच. नुसता छापील कागद सांगायचा तर जर्मन 'शाइन' म्हणतात.

'आणीबाणी' म्हटले की आपल्याला १९७५ आठवते. 'अडीनडीचा पैसा' शब्दशः चपखल, पण मराठीत तो गाठीला बांधून ठेवलेला पैसा. मला 'टंचाई चलन' बरे वाटते, कारण १९१४ मध्ये मूळ ओरड चिल्लरीचीच होती: युद्ध पेटताच लोकांनी नाणी दडवली. दुसऱ्या महायुद्धात मोरवी, जुनागड, नवानगर या संस्थानांनी चिल्लरीऐवजी काढलेल्या कॅश कूपनांनाही हा शब्द चालेल.

मात्र संग्राहक ज्यांच्या मागे असतात त्या १९२०–२२ च्या रंगीत संचांना 'चलन' म्हणणे जिवावर येते. हामेलनच्या बासरीवाल्यासारख्या स्थानिक कथा रंगवून पालिकांनी ते मुख्यतः संग्राहकांनाच विकले. काहींची मुदत विक्रीला येईपर्यंतच संपलेली असे. जुलै १९२२ मध्ये सरकारने हा उद्योग बंद केला. जर्मन नाव 'सेरिएनशाइन'. मराठीत 'मालिका-नोटा' पुरे.

आता आकडे, आणि इथे खरी फसगत होते. १९२३ च्या महागाईच्या नोटांवर 'मिलिआर्ड' असेल तर एक अब्ज. 'बिलिओन' असेल तर एकावर बारा शून्ये, म्हणजे एक लाख कोटी. इंग्रजी बिलियन समजून 'अब्ज' लिहिले की किंमत हजारपट घटते. नोव्हेंबर १९२३ अखेर एक डॉलर ४.२ लाख कोटी मार्कांचा होता. चुकीच्या वाचनाने तो ४२० कोटींवर येतो.

नोटेवरच्या 'गुटशाइन'ला 'कूपन' म्हणा, 'हुंडी' नको. आणि जुन्या गॉथिक वळणात शब्दामधला लांब 'स' जवळजवळ 'फ'सारखा दिसतो. दांडीवरची आडवी रेघ आरपार गेली असेल तरच 'फ' वाचा, नाहीतर 'कासं' म्हणजे तिजोरी असे छापलेले असताना तुम्ही 'काफं' वाचाल आणि शब्दकोशात शोधत बसाल.