आमच्या चार वर्षांच्या मुलीला आठवड्यातून दोन-तीनदा फिट येते. घरी नेमकं काय करावं?

माझ्या मुलालाही फिट येते, तो आता सहाचा आहे, त्यामुळे तुमची रात्रीची झोप कशी असेल ते कळतं. फिट आली की आधी घड्याळ बघा. घाबरल्यावर एक मिनिटही दहा मिनिटांसारखं वाटतं. तिला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही नको. आमच्याकडे पहिल्या वेळी शेजारच्या काकू कांदा फोडून आल्या, सासरे चप्पल शोधत होते. प्रेमानेच, पण उपयोग शून्य.

पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता पुन्हा सुरू झाली, तर थेट १०८. डॉक्टरांना मिडाझोलमच्या, म्हणजे चालू फिट थांबवणाऱ्या औषधाच्या, नाकातल्या स्प्रेबद्दल विचारा. त्याचा डोस वजनावर ठरतो, म्हणून पोर वाढलं की चिठ्ठी बदलून घ्यायची. आमचा एक स्प्रे घरी, एक शाळेच्या बाईंकडे.

कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढा. डोळे कुठे वळले, कुठला हात आधी हलला, हे आपल्या सांगण्यापेक्षा त्यात नीट दिसतं. आणि रोजचं औषध? 'महिनाभर फिट नाही' म्हणून मनाने बंद करू नका. बाटली संपायच्या आठवडाभर आधी नवी आणा. आम्ही एकदा दिवाळीच्या सुट्टीत गावी अडकलो होतो, औषध मिळेना.

आंघोळीला एकटं सोडू नका, बुडायला बादलीभर पाणीही पुरतं. बाकी खेळू द्या तिला.