नेट नसलेल्या जागी क्लस्टर टाकताना गाइड चुकते कुठे?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी ऐरोलीला राहतो. महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये कुबरनेटिस क्लस्टर (कंटेनरमधली सॉफ्टवेअरं चालवणारा मशिनांचा गट) टाकायचं काम आहे, तिथे बाहेरचं नेट अजिबात नाही, सगळं डिस्कवर कॉपी करून न्यायचं. आमच्याकडे इन्स्टॉलेशनची गाइड आहे, ती ओळ न ओळ पाळली तरी नोड, म्हणजे क्लस्टरमधली मशिनं, नॉट रेडीच राहतात, ऑफिसात मात्र त्याच गाइडने सगळं चालतं. सिनिअर म्हणतात तूच काहीतरी विसरलास. आता काय करू?

उत्तर : तुम्ही काही विसरला नाहीत, गाइडमध्येच राहिलंय. ऑफिसात नेट असतं म्हणून जे लिहायचं सुटलं ते मशीन आपलं आपण बाहेरून ओढून घेतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

आधी इमेजची, म्हणजे कंटेनर ज्यातून सुरू होतात त्या तयार पॅकेजांची, यादी तपासा. बहुतेक गाइडमध्ये 'क्यूबअ‍ॅडम कॉन्फिग इमेजेस लिस्ट' (हे क्लस्टर बसवायचं टूल) चालवा आणि तेवढ्याच इमेज न्या असं असतं, पण त्या यादीत कंटेनरांना एकमेकांशी जोडणारं नेटवर्क प्लगइन, म्हणजे कॅलिको किंवा फ्लॅनेल, नसतंच, आणि ते उठल्याशिवाय नोड रेडी होत नाही, तेव्हा तुमचं बहुतेक इथेच अडलंय. प्लगइनची यॅमल फाइल उघडून त्यातली प्रत्येक इमेज गाइडमध्ये व्हर्जनसकट लिहा. पॉज इमेजचंही (कंटेनरांच्या प्रत्येक गटासाठी आधी उठणारी छोटी इमेज) तसंच, कंटेनरडीच्या, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, कॉन्फिगमध्ये तिचं वेगळं व्हर्जन असू शकतं, मग आणलेली पडून राहते आणि कंटेनरडी दुसरीच शोधत बसतं. आणि सीटीआरने (कंटेनरडीची कमांड) इमेज इंपोर्ट करताना के८एस डॉट आयओ ही नेमस्पेस, म्हणजे इमेज ठेवायचा कप्पा, दिली नाही तर इमेज डिफॉल्टमध्ये जाते, लिस्टमध्ये दिसते पण नोडवर कंटेनर सुरू करणाऱ्या क्यूबलेटला सापडत नाही, ह्यात माणसाचा अख्खा दिवस जातो हो!

गाइडमध्ये जुना के८एस डॉट जीसीआर डॉट आयओ पत्ता असेल तर तोही बदला, ती रजिस्ट्री (इमेजचं ऑनलाइन कोठार) एप्रिल 2023 पासून गोठवलीय, नव्या इमेज तिथे येत नाहीत. क्यूबअ‍ॅडम इनिटला (क्लस्टर सुरू करायची कमांड) व्हर्जन स्पष्ट द्या, नाहीतर ते आधी नेटवर विचारायला जातं. जॉइनचं टोकन (नवा नोड क्लस्टरला जोडायची किल्ली) डिफॉल्टने 24 तासांचंच असतं, तेव्हा गाइडमध्ये तयार टोकन पेस्ट केलेलं असेल तर काढा आणि नवं बनवायची कमांड लिहा.

दुरुस्त केलेली गाइड ऑफिसातच कोऱ्या व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर), फायरवॉलने बाहेरचं सगळं बंद करून चालवा. डिफॉल्ट गेटवे (नेटवर्कमधून बाहेर जायचा ठरलेला रस्ता) मात्र काढू नका, क्यूबअ‍ॅडम नोडचा आयपी त्यावरूनच ठरवतं आणि मग भलताच एरर येतो. चालवायला टीममधला असा कुणी बसवा ज्याने ती लिहिलेली नाही, आणि तो जिथे जिथे तुम्हाला विचारायला येईल ती ती ओळ तिथल्या तिथे दुरुस्त करा. मग त्या रनचा लॉग सिनिअरना दाखवा.