कपड्यांची गाडी: फुकट वाटायचे की थोडे पैसे घ्यायचे?

प्रश्न: आमच्या ग्रुपने एक जुनी व्हॅन घेतलीय. लोकांनी दिलेले वापरलेले कपडे वस्त्यांमध्ये न्यायचे आणि अगदी नाममात्र किमतीला द्यायचे असं ठरलं होतं, पण आता निम्मे जण म्हणतायत की आपल्याला फुकट मिळालेल्याचे गरिबाकडून पैसे कसले घ्यायचे, सरळ वाटून टाकू. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर: मला विचाराल तर थोडे का होईना, पैसे घ्याच. गाडीचं डिझेल सुटावं म्हणून नाही, त्या पैशात ते सुटणारही नाही. फुकट वाटपाच्या ठिकाणी एकदा नुसतं उभं राहून बघा, गठ्ठा सोडला की जो धडधाकट तो पुढे घुसतो, म्हातारी माणसं आणि कडेवर मूल असलेल्या बायका मागेच राहतात, आणि हातात पडेल ते घ्यावं लागतं कारण फुकट मिळालेल्याला नको कसं म्हणणार! तेच चार पैसे मोजायचे म्हटलं की माणूस हक्काने कपडा उलटापालटा करून बघतो. पँट घालून बघायची सोय नसेल तर तिची कंबर गळ्याभोवती धरतात, दोन टोकं मानेमागे जुळली की बसणार. एखादी आई फ्रॉकची खालची दुमड उसवली तर किती लांबी वाढेल ते बोटांनी मोजते, म्हणजे पुढच्या वर्षीही चालेल. हे बघायला वेळ मिळणं आणि नाही आवडलं तर परत ठेवता येणं, सगळं त्यातच आहे हो.

ही काही आजची कल्पना नाही. 1902 साली बोस्टनमध्ये एडगर हेल्म्स नावाच्या पाद्र्याने श्रीमंत घरांतून जुने कपडे आणि सामान गोळा करून, गरजू लोकांनाच ते दुरुस्त करायचं काम आणि मजुरी देऊन, स्वस्तात विकायला सुरुवात केली, त्यातूनच पुढे गुडविल ही संस्था उभी राहिली. आपल्याकडे अंशू गुप्तांनी 1999 मध्ये गूंज ही संस्था सुरू केली, तिथे लोक गावासाठी श्रमदान करतात आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे नेतात, म्हणजे पैसे नसले तरी देवाणघेवाण आहेच. आणि तुमचा ग्रुप फुकटवरच अडून बसला तर केपटाऊनच्या स्ट्रीट स्टोअरसारखं करा, 2014 मध्ये त्यांनी रस्त्यावर कपडे टांगले आणि बेघर लोकांना दुकानात निवडतात तसं आपलं आपण निवडू दिलं.

ज्यांच्याकडे तेवढेही पैसे नसतील त्यांच्यासाठी कुपनं ठेवा, वस्तीत रोज येणाऱ्या नर्सकडे किंवा शिक्षिकेकडे आधीच देऊन ठेवा. गाडीपाशी सगळ्यांसमोर कुणाला परिस्थिती विचारायची नाही, कागद तर अजिबात मागायचे नाहीत.

प्रश्न: लोक फाटके, कुबट वासाचे कपडे आणून देतात आणि नाही म्हटलं तर चिडतात. काय करायचं?

उत्तर: चिडू देत. घेतानाच सांगायचं की जो कपडा तुम्ही स्वतःच्या बहिणीला द्याल तोच द्या. तरी खराब येणारच, म्हणून खरी मेहनत सॉर्टिंगला आहे, गाडी चालवणं त्यामानाने सोपं. खिसे तपासा, चेन वरखाली करून बघा, बटणं लावा, काखेत आणि कॉलरला डाग आहेत का ते उजेडात बघा. ढेकणांची शंका आली तर कपड्याला सोसेल तेवढ्या गरम पाण्यात धुवून ड्रायरमध्ये फुल हीटवर अर्धा तास, आणि पूर्ण कोरडं झाल्याशिवाय काही पिशवीत भरायचं नाही, एक ओलसर टॉवेल अख्ख्या गठ्ठ्याला बुरशी लावतो. सुती असून घालण्यालायक नसेल ते कापून गॅरेजवाल्यांना पुसायला द्या. आतले कपडे मात्र नवेच घ्या, यात तडजोड नको. बूट जोडीने लेसला बांधून ठेवा, नाहीतर दिवसभर दुसरा पाय शोधत बसाल.

प्रश्न: गाडी कधी, कुठे न्यावी? आणि देणगीदार फोटो मागतात, ते द्यावेत का?

उत्तर: ठरलेला वार, ठरलेली जागा, ठरलेली वेळ. आणि ती वेळ कामावरून लोक परततात तेव्हाची हवी, भर दुपारी गेलात तर ज्यांना कामावर घालायला कपडे लागतात तेच भेटायचे नाहीत. एक उभा आरसा आणि एक पडदा गाडीत हवाच. बायकांचे कपडे ढीगभर येतील, पुरुषांच्या पँटी आणि शाळकरी मुलांचे कपडे कायम कमी पडतील कारण पुरुष झिजेपर्यंत वापरतात आणि मुलं फाडतात, तेव्हा आवाहन करताना तेच नाव घेऊन मागा. स्वेटर थंडी संपताना येतात, तेव्हा घ्या आणि पुढच्या थंडीपर्यंत सांभाळा. माणशी किती नग ते ठरवा म्हणजे कुणी गठ्ठा उचलून पुढे विकणार नाही.

फोटो हवे असतील तर रॅकचे द्या, गाडीचे द्या, घडी घालणाऱ्या तुमच्या पोरांचे द्या. कपडे घेणाऱ्यांचे देऊ नका, त्यांची परवानगी घेतली असली तरी नको, कारण समोर स्वेटर धरून विचारल्यावर नाही म्हणणारं माणूस मला तरी भेटलेलं नाही.