उत्तर: केसीएनक्यू२ आणि पोटॅशियम चॅनलचं नवं औषध

ताई, बाळाला तिसऱ्या दिवसापासून फिट, जीन टेस्टमध्ये केसीएनक्यू२ या जीनमध्ये बदल (मेंदूच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर सोडणारं दार, म्हणजे पोटॅशियम चॅनल, हा जीन बनवतो), आणि आता 'पोटॅशियम चॅनल उघडणारं औषध भारतात कुठे मिळेल' हा तुमचा प्रश्न. आमच्या मुलाचं अगदी असंच झालं होतं, म्हणून लिहायला बसलो. मी डॉक्टर नाही. माझ्या भरवशावर डोस हलवू नका.

थेट उत्तर: तुमच्या बाळासाठी असं औषध आज दुकानात नाही. या जातीचं पहिलं औषध रेटिगॅबिन, २०११ मध्ये युरोप-अमेरिकेत आलं आणि २०१७ मध्ये कंपनीने बंद केलं. दिवसातून तीनदा घ्यायचं, वर काहींची लघवी अडायची, कारण याच जातीची चॅनल्स मूत्राशयाच्या स्नायूंतही असतात. जास्त काळ घेणाऱ्यांपैकी काहींचे ओठ आणि नखं निळसर पडली, डोळ्याच्या पडद्यावरही रंग साठलेला दिसला. मग कोण लिहून देणार?

सध्या बोलबाला आहे अझेटुकॅल्नरचा (जुनं नाव एक्सईएन११०१). रोज एकदाच, जेवणासोबत. २०२३ मध्ये छापून आलेल्या चाचणीत २५ मिग्रॅ. घेणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांच्या फिट ५२.८ टक्के किंवा त्याहून जास्त कमी झाल्या. खोट्या गोळीवाल्यांत हाच आकडा १८.२. पण ते सगळे प्रौढ, फोकल एपिलेप्सीचे (मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या फिट). केसीएनक्यू२च्या लहान मुलांसाठी रेटिगॅबिनचंच नवं रूप घेऊन चाचणी सुरू झाली होती, ती २०२३ मध्ये गुंडाळली. दुर्मिळ आजाराच्या पोरांचा नंबर नेहमी शेवटीच लागतो, असं माझं मत. असो.

मला खरी चिंता तुमच्या रिपोर्टची वाटते. तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. जीनमधला बदल लिहिलाय, पण त्याच्या आधी 'एनएम' ने सुरू होणारा ट्रान्सक्रिप्ट नंबर (जीनची कुठली प्रत धरून मोजलं, ते सांगणारा) नाही. आमच्याही रिपोर्टात नव्हता. एकाच जीनचे वेगवेगळे ट्रान्सक्रिप्ट धरले की त्याच बदलाचा आकडा बदलतो, आणि मग जगातल्या दुसऱ्या केसशी ताळा जमत नाही. आमच्या न्यूरोलॉजिस्टना राइकी या केसीएनक्यू२ च्या नोंदवहीत आमचा बदल सापडेचना. लॅबला फोन केला तर 'रिपोर्ट डॉक्टरांनाच समजतो.' डॉक्टरांची चिठ्ठी नेली तर 'लेटरहेडवर आणा.' लेटरहेड नेलं तर 'सुधारित रिपोर्टचा चार्ज पडेल.' एक ओळ छापायची होती हो! तोवर घरात फिट चालूच.

एवढं अडून बसायचं कारण असं, की बदल नेमका जुळला तर तो कुठल्या प्रकारचा याचा अंदाज येतो. बहुतेक मुलांत हे चॅनल कमी काम करतं (लॉस ऑफ फंक्शन), पण थोड्यांत ते जास्तच उघडं राहतं (गेन ऑफ फंक्शन). आर२०१सी हा बदल त्यातला. अशा मुलाला चॅनल आणखी उघडणारं औषध देणं म्हणजे आगीत तेल. तेव्हा उद्या औषध आलं तरी 'केसीएनक्यू२ आहे' एवढ्यावर ते द्यायचं ठरवता येणार नाही. तुमच्या डॉक्टरांना लॉस की गेन, हे स्पष्ट विचारा. सोबत आईवडिलांचीही तपासणी करून घ्या. बदल वारशाने आलाय की नव्याने झालाय, यावर पुढचा अंदाज बराच बदलतो. आणि लॅबकडून रॉ डेटा (टेस्टच्या मूळ फाइली) आत्ताच लेखी मागून ठेवा.

लॉस ऑफ फंक्शन निघालं तर सोडियम चॅनलवरच्या जुन्या, स्वस्त औषधांचा विषय जरूर काढा: कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन. अनेक मुलांना त्यांचा चांगला गुण येतो, आमच्याला आला. प्रत्येकाचं तसंच होईल असं नाही. कार्बामॅझेपिनचं सिरप दिलं तर दर वेळी बाटली खळखळून हलवा, औषध तळाशी बसतं. वरचं पातळ आधी पोटात जातं आणि शेवटच्या चमच्यांत डोस वाढतो. अंगावर पुरळ दिसलं तर लगेच डॉक्टरांना फोन.

आणि हो, रिपोर्टच्या फोटोत बाळाचं नाव आणि तुमचा मोबाइल नंबर दिसतोय. तो फोटो काढून, नाव-नंबर झाकलेला टाका.